चांद्याचं दावं

कमळाकरनं उभ्या जन्मात एकच मोठी थाप मारली होती, आणि ती वीस वर्षं बिनबोभाट खपली होती. म्हसाच्या जत्रेत चांद्या नावाचा बैल विकून तो घरी आला आणि बायकोला, शकूला म्हणाला, टोकावड्याकडचा देवराम म्हणून शेतकरी आहे, त्याला दिलाय, गोठा मोठा, माणसं मायाळू. कसला देवराम आणि कसलं काय! मागच्या पायानं लंगडा झालेला बैल कुणी शेतकरी घेईना, तेव्हा यानं तो एका दलालाच्या ट्रकात चढवला. तो ट्रक शेतावर जाणारा नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्यातून वर आणखी घोळ. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं, ते घरी परत आणायचं, हा आपल्याकडचा रिवाज. घाईत बैल दाव्यासकट गेला. ट्रक दिसेनासा झाल्यावर महाराजांना आठवलं! मग जत्रेतच नवं दावं घेतलं, मातीत लोळवलं, दगडावर घासलं आणि शकूच्या हातात ठेवलं. तिनं ते मुकाट्यानं खुंटीला टांगलं. सुटलो बुवा, असं कमळाकरला वाटलं.

थाप मारणं भागच होतं, कारण चांद्याची आई तो चार दिवसांचा असताना मेली होती. शकूनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मुलगा रितेश पोटात यायच्या आधीचं तिचं पोर ते.

आता रितेश कमावता झाला होता. बाप एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर झाला, तेव्हा त्यानं शाळेची एक जुनी व्हॅन घेतली आणि आत पलंग, शेगडी, पडदे बसवून दिले. तो तिला कॅरॅव्हॅन म्हणे, शकू घरगाडी म्हणे. हॉटेलबिटेल काही नाही, मोकळी जागा दिसेल तिथं फुकटात मुक्काम. कमळाकरच्या मनात पहिला मुक्काम तानसा तलावाकडं होता.

"तानसा काय पळून नाय जात," शकू म्हणाली. "आदी म्हसा. जत्रेच्या माळावर ऱ्हाऊ, आनी सकाली टोकावड्याला देवरामाकडं जाऊ. चांद्या कवाच गेला असंल, पन त्याचा गोठा तरी बगीन."

आता देवराम कुठून पैदा करायचा? कमळाकर गुडघा दुखतो म्हणाला, तर तिनं बाम काढून दिला. वर कुत्र्याला, भुऱ्याला बांधायला तिनं खुंटीवरचं तेच दावं उचललं.

सापगावहून निघून दिवस कलता ते म्हसाला पोचले. जत्रेला अजून महिना होता, माळ ओस पडला होता. कमळाकरनं मेख ठोकून भुऱ्याला बांधलं. शकूनं बादलीत पेंड भिजवली.

"ही कुनाला गो?"

"असू द्या," ती म्हणाली, आणि बादली मेखेजवळ ठेवली.

अंधारायला लागलं तसा भुऱ्या एकदम उठला. समोर कुणी नाही, आणि हा शेपूट हलवतोय! मग कमळाकरच्या कानावर आलं. टप, टप, टप, आणि चौथं पाऊल घासत. पुन्हा टप, टप, टप, आणि घासत.

"कोन हाय गो तिकडं?"

"कुटं काय," शकू म्हणाली. पण कांदा चिरणारा तिचा हात थांबला होता. उभी हयात घाटातून एसटी चालवलेला हा गडी त्या दिवशी आठ वाजताच दार लावून डोक्यावरून गोधडी घेऊन पडला.

सकाळी दाट धुकं होतं. बादली चाटूनपुसून साफ. भुऱ्या गाडीखाली मोकळा बसलेला. आणि मेखेला एक जुनं, झिजलेलं दावं बांधलेलं होतं. त्याचं दुसरं टोक धुक्यात गेलं होतं, चांगलं ताणलेलं. दाव्याच्या पिळात एक हिरवी पट्टी होती.

"हे दावं आपलं नाय," कमळाकर कसाबसा म्हणाला.

"हेच आपलं," शकू मागून म्हणाली. "हा काठ माज्या लग्नातल्या साडीचा. चांद्यासाठी मीच वळलेलं. तुमी आनलंत ते दुसरंच व्हतं."

"तुला कवा कळलं?"

"हातात घेतलं तवाच. वीस वर्सं वाट बगतेय, आज सांगाल, उद्या सांगाल. देवरामाचं नाव काडलं ते पन त्यासाठीच. तरी तुमी गप."

दाव्याला हिसका बसला. मेख हलली.

"धरा ते," शकू म्हणाली. "माज्याकडं नका बगू. त्याला सांगा."

कमळाकरनं दावं धरलं. पलीकडची ओढ त्याच्या ओळखीची होती. बारा वर्षं त्यानं ती हातात धरली होती.

"चांद्या," तो म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. "तुला मी कुना देवरामाला नाय दिला रे. ट्रकात चडवला. तू फळीवर पाय देत नव्हतास, तवा मीच मागनं ढकलला. तू वळून बगितलंस आनी मी तोंड फिरवलं. चुकलो रे मी."

दावं सैल पडलं. त्यानं ते हातानं ओढून घेतलं. गळ्यात अडकवायचा फासा रिकामा होता. त्यात चार पांढरे केस होते, आणि तो हाताला कोमट लागला.

टोकावड्याला जायचं आता कारणच उरलं नाही. गाडी सापगावच्या वाटेला लागली, तेव्हा शकू पुढं बसलीच नाही. मागचं दार उघडं टाकून ती भुऱ्याजवळ बसली. दाव्याचं एक टोक मुठीत धरून दुसरं तिनं बाहेर सोडलं होतं.

"शकू, फुडं येऊन बस ना गो," मुरबाड मागं पडल्यावर तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"गाडी हळू चालवा," ती म्हणाली. "त्याचा पाय दुकतोय."

मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून उच्छाद मांडला, एका रिक्षावाल्यानं शिवी दिली. कमळाकरनं घरापर्यंत दुसरा गिअर टाकला नाही.