उशिरा उमटलेली रेघ

कपाटात तपासणीची एकच पट्टी उरली होती. परिचारिका फेतुआओने ती आठ महिन्यांच्या सेफोसाठी काढली. दोन दिवसांत गावातली सात मुले उलट्या-जुलाबांनी आडवी झाली होती. उपचार ठरलेलाच होता, मीठ-साखरेचे पाणी. प्रश्न उद्याचा होता. उद्या पांढरा रविवार, लेकरांचा सण. गावची सारी लेकरे चर्चमध्ये वचने म्हणणार, मग एका पंगतीला बसणार आणि मोठी माणसे त्यांना वाढणार. पट्टीवर दुसरी रेघ आली, तर आजार विषाणूचा, एकाचा दुसऱ्याला लागणारा. मग पंगत मोडायची, असे महिला समितीशी ठरले होते.

तिने नमुन्याचे थेंब टाकले. दहा मिनिटांनी वाचायचे. वीस मिनिटांनंतरची रेघ धरायची नाही. तेवढ्यात संध्याप्रार्थनेचा शंख वाजला आणि रस्ता ओस पडला; प्रार्थना संपेपर्यंत कोणी बाहेर राहायचे नाही, अशी गावाची रीत होती. सेफोचे घर दवाखान्याला लागूनच. त्याची आई मोएलागी हिने चटईवर सरकून तिला जागा केली. नाही म्हणणे जमले नाही.

प्रार्थना सेफोचे आजोबा ताविता यांनी चालवली. एरवी आटोपशीर बोलणारा हा माणूस आज नातवासाठी बोलतच राहिला. फेतुआओची नजर पुन्हा पुन्हा मनगटाकडे जात होती. आत्ता उठावे. आता तरी. म्हाताऱ्याचा आवाज भरून आला आणि ती बसूनच राहिली.

'आमेन' होताच ती धावली. सव्वीस मिनिटे झाली होती. दुसरी रेघ होती. फिकट, असून नसल्यासारखी.

मागोमाग ताविता आले, आणि सेफोला कडेवर घेऊन मोएलागी. रेघ आहे, पण ती खरी मानता येत नाही, असे तिने सांगितले.

"माझी प्रार्थना लांबली म्हणून?" ताविता यांनी विचारले.

"नाही आबा. मी उठले नाही म्हणून."

"खरी नाही ना, मग पंगत होऊ दे की सिस्टर," मोएलागी म्हणाली. "कालपासून नारळ खवून बायकांचे हात सोलवटलेत."

दुसरी रेघ नव्हतीच म्हणणे सोपे होते; रेघ स्पष्ट होती म्हणणेही.

"मला माहीत नाही," फेतुआओ म्हणाली. "आणि माहीत नाही, म्हणूनच पोरांना एकत्र बसवू नका."

ताविता मोएलागीकडे वळले. "वाढपी आम्हीच ना? मग ताटं घरोघरी नेऊ. वचनं पोरं आपापल्या ओट्यावरून म्हणतील. म्हाताऱ्यांचे पाय जरा दुखतील, दुखू देत."

"हात साबणानं धुऊन, आबा."

"तुझ्यासमोर धुतो, बाई."

ताविता समितीकडे निघाले. फेतुआओला मात्र स्वस्थता नव्हती. सेफोला दुपारपासून लघवी झाली नव्हती; अंगातले पाणी आटत होते. तिने त्याला मोएलागीकडून मांडीवर घेतले आणि चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजू लागली; या वेळी घड्याळ तिने समोरच ठेवले होते.