परवानगीचं वाक्य

“तुमच्या संस्कृतीची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी जाते. बघा जरा,” शाळेच्या फाटकाशी तनुजा मला म्हणाली होती. तिची अपूर्वा आणि माझी संस्कृती पहिलीत एकाच बाकावर. तनुजा फी भरते, आम्ही आरटीईच्या सीटवर, फुकटात. मला तो टोमणाच वाटला.

“आमच्याकडे पाणीसुद्धा जपून वापरतात,” म्हटलं आणि स्कूटर सुरू केली.

मी बी.कॉम. आहे, पण मराठी माध्यमातली. इंग्रजी वाचते, बोलायची वेळ आली की जीभ जड होते. सीट लागली तेव्हा संस्कृतीला बजावलं होतं, वर्गात मराठी बोलायचं नाही, नाहीतर म्हणतील, फुकटातली मुलं अशीच. तिने ऐकलं. ती वर्गात बोलेनाशीच झाली. मला वाटलं, शिस्त लागली.

मार्चमध्ये शाळेतून फोन आला. ताप, हुडहुडी. डॉक्टर म्हणाले, लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचलाय, दाखल करा.

“दाबून ठेवतेस का गं दिवसभर?” त्यांनी विचारलं.

संस्कृती माझ्याकडे बघत राहिली. बोलू का, असं. मी मानेनेच हो म्हटलं.

“पाणीच प्यायचं नाही. मग बाईंना विचारावं लागत नाही.”

“विचारलं तर काय होतं?” मी म्हटलं.

“इंग्लिशमध्ये विचारायचं असतं. चुकलं की परत पहिल्यापासून. सगळे हसतात.” मग हळूच म्हणाली, “विक्रमने सांगितलं मला. तो तर डब्यातली भाजीपण खात नाही. तिखट लागलं की तहान लागते ना.”

विक्रमही आरटीईचाच. त्याची आई वेणूबाई आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते. संस्कृतीजवळ नवऱ्याला बसवून मी तशीच तिच्याकडे गेले. ती भाकरी थापत होती, विक्रम दारात उभा होता.

“विक्रमला डॉक्टरकडे न्या हो. डोळे किती सुजलेत त्याचे.”

“झोपंचे हायत ते.”

“संस्कृती दवाखान्यात आहे, वेणूबाई.”

“तुमची पोरगी नाजूक हाय. तुमी शिकलेल्या, तुमाला जिकडंतिकडं रोग दिसतो.” तिने भाकरी उलटली. “आन् शाळेत जाऊन कायबाय बोलू नका. माज्या पोराची एक तक्रार नाय आजवर. सीट गेली म्हंजी?”

“आजारपणाने सीट जात नाही.”

“लिहून देता?”

विक्रम दारातच होता. मी विचारलं, दुखतं का कुठे? तो नुसता हसला.

तरी शाळेत गेले, दोन्ही मुलांचं सांगितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, “दुसऱ्यांच्या मुलांबद्दल त्यांचे पालक बोलतील. आणि परवानगीचं एक वाक्य तरी घरून शिकवून पाठवत जा.”

संस्कृती घरी आली, पण अजून शाळा नाही. वेणूबाई मला पाहिलं की रस्ता बदलते. काल लांबून विक्रम दिसला. बुटांचे पट्टे उघडेच होते. पाय आत मावत नसावेत.

तुमचं मूल त्या वर्गात असेल, तर उद्या सुटायच्या वेळी फाटकाशी थांबा. माझं नाव काढू नका. विक्रम सगळ्यांच्या मागून, सावकाश येतो. त्याच्याजवळ खाली बसा आणि मराठीतच विचारा, सकाळपासून एकदा तरी जाऊन आलास का रे.