जड नळीला हलकं टोक

दवाखान्यातून फोन आला तेव्हा बेकरीवाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाणांची टोकं तोलत बसला होता. बायकोनंच त्याला घरी पिटाळलं होतं. "माझ्या तोंडाकडे बघत बसल्यानं मी बरी होणारे का? जा, टोकं तोलून ठेव. मी आले की चिकटवू." फोनवर तिचा भाऊ होता. तो काय म्हणाला ते बेकरीवाल्याला स्वच्छ ऐकू आलं, तरी त्यानं "काय?" असं दोनदा विचारलं. मग तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि गेला. एक टोक काट्यावरच राहिलं. थोड्या वेळानं काटा आपोआप बंद झाला.

त्यानंतर त्या टेबलाला कुणी हात लावला नाही. बेकरी सुरू झाली, पाव भाजले गेले, गिऱ्हाइकं आली-गेली. बेकरीवाला घरी आला की उभ्या उभ्या ओट्यापाशी जेवायचा.

एका संध्याकाळी लेक आली, तिनं ताट उचललं आणि टेबलाच्या रिकाम्या कोपऱ्यावर आपटलं.

"बाबा, घोड्यासारखं उभ्यानं काय खातोस? बस खाली. आणि ऐक. तिरंदाजी क्लबच्या संघातली आईची जागा अजून मोकळी आहे. रविवारी निवड. मी आणि ती दातांची डॉक्टर."

"मग मार की बाण. मी काय करू?"

"मला आईचे जाड बाण हवेत. सहाच्या सहा."

जाड बाण म्हणजे खास बंद हॉलसाठी. हॉलमध्ये वारा नसतो, त्यामुळे बाण जाडजूड आणि मोठ्या पिसांचा असला तरी बिघडत नाही. उलट फायदाच. जाड बाण जास्त गुणांच्या आतल्या वर्तुळाच्या रेषेला नुसता चाटून गेला तरी ते जास्तीचे गुण मिळतात. तिच्या आईनं हा नवा संच करायला घेतला होता. तीन बाण पुरे झाले होते आणि उरलेल्या तिघांच्या नुसत्या नळ्या कोपऱ्यात उभ्या होत्या.

"तीनच झालेत," बेकरीवाला म्हणाला. "एका वेळी तीनच मारता ना?"

"आणि एखाद्याचं पीस फाटलं तर? दोन बाण घेऊन उभी राहू? उरलेले तू कर."

"मी पाव करतो, बाई."

"तोलायला कोण बसायचं? शेजारी?"

तोलणं त्याचंच काम होतं. जन्मभर पिठाचे गोळे तोललेला माणूस. बायको या नादाला लागली तेव्हा त्यानं सोनारांकडे असतो तसला काटा आणून दिला होता. तांदळाच्या अर्ध्या दाण्याचा फरकसुद्धा तो दाखवायचा. एकाच कारखान्यातून आलेल्या नळ्या, पण वजनं भावकीसारखी, एकाचं दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. टोकांचंही तेच. म्हणून जड नळीला हलकं टोक आणि हलक्या नळीला जड टोक लावायचं, म्हणजे सगळे बाण सारखे. पहिल्यांदा हे करताना बायको म्हणाली होती, "आपल्यासारखंच आहे की. तू जड नळी आणि मी हलकं टोक."

"असं होय?"

"मग! टोचायचं काम माझं."

लेक गेल्यावर तो टेबलाशी बसला. काट्याचं बटण दाबायच्या आधी त्यानं ते एकटं पडलेलं टोक उचललं, शर्टाला पुसलं आणि परत ठेवलं. डब्यातल्या सगळ्या टोकांत ते हलकं निघालं. तिन्ही नळ्यांतली सगळ्यांत जड नळी त्याच्याच वाट्याला आली. मग मात्र हात चालायला लागला. तोलून झालं की टोक तापवायचं, डिंकाची कांडी फिरवायची आणि टोक नळीत सारायचं. एक बाण अर्धा तांदूळ हलका भरला, तेव्हा त्याच्या शेपटाची, दोरीत अडकणारी प्लास्टिकची खाच बदलून पाहिली. चौथी खाच बरोबर बसली. तो चक्क शीळ घालत होता. हे लक्षात आल्यावर जरा थांबला आणि मग पुन्हा घालायला लागला.

राहिली पिसं. हे काम कायम बायकोचं. खणात पुढचं पाकीट रिकामं होतं, मागे एक भरलेलं सापडलं. तसलीच पिवळी पिसं. पीस ते पीस, असं म्हणून त्यानं ती साच्यात धरून चिकटवली. शेवटी सहाही बाण एकेक करून काट्यावर ठेवले. सहा वेळा तोच आकडा.

त्यानं ताबडतोब मेहुण्याला फोन लावला. बायकोचा हा भाऊ क्लबचा प्रशिक्षक होता.

"तुमच्या बहिणीलाही इतके जुळवता आले नव्हते."

"दाजी, बाण काट्यावर मारायचे नसतात," मेहुणा म्हणाला. "शुक्रवारी घेऊन या."

शुक्रवारी हॉलमध्ये लेकीनं आईचे तीन मारले. तिन्ही मधल्या पिवळ्या ठिपक्यात. मग बाबांचे तीन मारले. तिन्ही एकमेकांना खेटून, पण चार बोटं उजवीकडे.

"दम खाऊन मार," बेकरीवाला म्हणाला.

तिनं दम खाल्ला. पुन्हा तेच. दातांची डॉक्टर आपलं धनुष्य खाली ठेवून बघायला आली. मेहुण्यानं दोन बाण हातात घेतले, शेपटाकडून डोळ्याशी धरले, पिसांवरून अंगठा फिरवला आणि तो खो खो हसायला लागला.

"दाजी, पिसं कुठून घेतलीत?"

"खणातून. मागच्या पाकिटातून."

"ते परत पाठवायचं पाकीट होतं! ताईनं उजव्या पंखाची मागवली, दुकानदारानं डाव्या पंखाची पाठवली. आठवडाभर शिव्या घालत होती त्याला. डाव्या पंखाचं पीस बाणाला उलटं फिरवतं. वजनानं सख्खे केलेत, पण वागायला सावत्र आहेत हे!"

बेकरीवाल्याचा चेहरा पडला. तिचा संच आपण नासवला, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं लेकीकडे पाहिलं. ती तोंडावर हात ठेवून थरथरत होती. रडतेय की काय म्हणून तो पुढे झाला, तर ती हसत होती. आई गेल्यापासून तो आवाज त्यानं ऐकला नव्हता. दातांची डॉक्टरही हसत होती, आणि मग त्यालाही आवरेना.

"नवी पिसं रविवारपर्यंत मिळायची नाहीत," डोळे पुसत लेक म्हणाली. "पण तिन्ही एकाच जागी जातायत ना? मग साइट तेवढी सरकवली की झालं." तिनं धनुष्यावरची नेम धरायची साइट टिकटिक करत उजवीकडे नेली आणि बाबांचे तीन पुन्हा मारले. तिन्ही पिवळ्यात. "आईकडून बाबांकडे सहा टिक. लक्षात ठेव, मामा."

रविवारी ती आईच्या बाणांनी मारत होती. डॉक्टर आणि ती, गुण बरोबरीत. तीन-तीन बाणांची शेवटची दोन आवर्तनं राहिली असताना तिच्या एका बाणानं दुसऱ्याला घासून त्याचं पीस मुळापासून सोललं.

"बाबांकडे जा!" मामा ओरडला.

टिक, टिक करत तिनं साइट सरकवली. बेकरीवाल्यानं डोळे मिटून घेतले. भट्टीचं दार उघडायच्या आधी तो नेहमी मिटायचा, तसेच. धप्प, धप्प, धप्प. मग एक डोळा उघडला. पिवळ्यात. पुन्हा तीन. पाच पिवळ्यात आणि सहावा रेषेवर. मामा भिंग घेऊन लक्ष्याच्या फळ्याशी वाकला. बाण बारीक असता तर बाहेर राहिला असता. जाड होता, चाटून गेला होता. लेक एका गुणानं पुढे.

डॉक्टरनं तिला मिठी मारली आणि बेकरीवाल्याला म्हणाली, "काका, पुढच्या वर्षी माझे बाण तोलून द्या. पिसं मात्र मी लावते हं!"

"दात फुकट बघणार असाल तर," बेकरीवाला म्हणाला. त्या रात्री तो टेबलाशी बसून जेवला आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

लेक आता संघात आहे आणि तिच्याकडे पाच बाण आहेत. सहावा, पीस सोललेला आईचा, टेबलावर काट्याशेजारी पडला आहे. योग्य पिसं येऊन पडली आहेत. त्या बाणाला एक पीस लावायचं अजून राहिलं आहे.