अळणी खिचडी

विदेह महाराज जामिनावर सुटून यायचे होते, त्या सकाळी चाणोदच्या आश्रमात आम्ही तिघंच उरलो होतो. मी, चंपकभाई आणि स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या डाहीबेन. त्यांचा मुलगा कीर्ती त्यांना न्यायला सुरतेहून गाडी घेऊन आला होता.

"बा, आता इथे कुणासाठी राहायचं?" त्यानं आईला विचारलं.

"एक गोष्ट त्यांना विचारायची आहे. मग सांगते."

काय विचारायचं, ते आम्हाला ठाऊक होतं.

एके काळी याच अंगणात नर्मदेकडे तोंड करून शेकडो माणसं जेवायला बसत. नदीवरचा वारा पत्रावळी उडवी आणि मुली त्यावर हात ठेवून खुदखुदत. महाराजांनी पहिला घास घेईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, वाढलेल्याविषयी बोलायचं नाही. एका दुपारी डाहीबेन खिचडीत मीठ घालायला विसरल्या. महाराजांनी ताट पुसून संपवलं, मग पंगतीनंही. घरोघरी मुलींची बिनमिठाची अलूणा व्रतं पाहत वाढलेली माणसं ती. महाराजांनी अळणी व्रत दिलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळच्या प्रवचनात महाराज म्हणाले, "ज्याला चव सुटली, त्याला जग सुटलं." दुसऱ्या दिवसापासून आश्रमात मीठ बंद. अहमदाबादेहून लोक ती खिचडी खायला येऊ लागले.

डाहीबेननी मात्र वेगळंच मनाशी धरलं होतं. महाराजांनी आपली चूक ओळखली आणि भर पंगतीत झाकली. त्या एका गोष्टीवर त्या इथे राहिल्या. महाराजांवर जमिनीचा खटला उभा राहिला, लोक पांगले, तरी हलल्या नाहीत.

"मी आपला बाजारात जाऊन गाठिये खायचो," चंपकभाई कीर्तीला सांगत होते. "वर तळलेली मिरची. मोक्ष तिथेच मिळायचा."

"आणि परत येऊन दोन तांबे पाणी प्यायचे," डाहीबेन म्हणाल्या. "आम्हाला काय कळत नव्हतं?"

दुपारी महाराज आले. वाळले होते, हात धरून ओसरीवर बसवावं लागलं. जेवण झाल्यावर डाहीबेन समोर बसल्या.

"महाराज, त्या दिवशी मीठ नव्हतं, हे तुम्हाला कळलं होतं?"

"कुठलं कळतंय, डाही? सर्दीनं तोंडाला चवच नव्हती. संध्याकाळी कुणीतरी पाया पडून म्हणालं, केवढं व्रत दिलंत. तेव्हा कळलं."

"मग सांगितलं नाहीत."

"लोक खूश होते. आणखी येऊ लागले. राहून गेलं." मग ते म्हणाले, "तुला तर माहीत होतं. तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेतलंत."

महाराज नदीकडे पाहत राहिले. "आत्ता तसं म्हणालो असतो, तर थांबली असतीस?"

"हो."

"मग फार उशिरा खरं बोललो मी."

डाहीबेन हसल्या. किती वर्षांनी त्या तशा हसल्या, आणि क्षणभर मला ते जुनं भरलेलं अंगण दिसलं. मग त्यांनी महाराजांचं ताट उचललं, विसळून पालथं घातलं आणि आतून आपलं बोचकं आणून कीर्तीकडे दिलं. महाराजांच्या पाया पडल्या.

गाडीत बसल्यावर डाहीबेननी चंपकभाईंना जवळ बोलावलं.

"संध्याकाळी खिचडीत पाणी जास्त घाला. त्यांचे दात गेलेत."