हे आधी कोणी केलं होतं?

लोकांच्या चुका शोधून पोट भरणारी आमच्या घरातली मी दुसरी. पहिले माझे बाबा. ते प्लंबर होते. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले आणि शेवटी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरी बसले. मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधन करते.

गेल्या वर्षी आमच्याकडे एका निवेदकांचं पुस्तक आलं. टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात पाहुण्यांशी गप्पा झाल्या की शेवटची दोन मिनिटं ते रोजच्या जगण्यातल्या एखाद्या बारीकशा गोष्टीवर आपलं मत सांगायचे. लिफ्टचं बटण पेटलेलं दिसत असूनही पुन्हा दाबणाऱ्यांविषयी. निघतो निघतो म्हणत दारात अर्धा तास काढणाऱ्या पाहुण्यांविषयी. आंघोळीला शिरताना फोनवर ‘पोचतोच पाच मिनिटांत’ म्हणणाऱ्यांविषयी. तीच मतं आता सविस्तर लिहून त्यांनी पुस्तक केलं होतं.

प्रूफं वाचताना मी हसत नाही. हसलं की अनुस्वार निसटतो. पण या पुस्तकाने मला तीन-चारदा पेन्सिल खाली ठेवायला लावली.

मग सतरावं प्रकरण आलं. नाव होतं, ‘हे आधी कोणी केलं होतं?’ घरी येणारा कुठलाही प्लंबर पिशवी उघडण्याआधी बेसिनखाली डोकावतो, लांब सुस्कारा सोडतो आणि हा प्रश्न विचारतो, असं त्यात लिहिलं होतं. डॉक्टर आपल्या आधीच्या डॉक्टरला नावं ठेवतो, पण निदान पेशंट शुद्धीवर नसताना. हे लोक तुम्ही धडधाकट समोर उभे असताना ठेवतात. मला हसू आवरेना, कारण बाबांचा तो सुस्कारा मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण पुढच्याच परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘ही अख्खी जमात एकमेकांच्या निंदेवर जगते.’ ते मात्र लागलं.

मुद्रितशोधकाने ऱ्हस्वदीर्घ बघावं, लेखकाच्या मतांना हात लावू नये, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी समासात लिहिलं, ‘हे बरोबर नाही. त्या प्रश्नामागे कारण असतं. ते विचारून घ्यावं.’ पाठवण्याआधी खोडायचं ठरवलं होतं, पण मी जेवायला गेले तेवढ्यात गठ्ठा रवानाही झाला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात फोन आला.

“सतराव्या प्रकरणात समासात लिहिणाऱ्या तुम्हीच का?” रोज सकाळी घरात घुमणारा तो आवाज ऐकून मी चक्क खुर्चीतून उठून उभी राहिले.

“हो. माफ करा, मी तसं लिहायला...”

“माफीचं नंतर बघू. आधी कारण सांगा.”

“कारण मलाही नीट माहीत नाही,” मी कबूल केलं. “माझ्या बाबांना माहीत आहे. ते प्लंबर आहेत.”

“मग त्यांनाच भेटायला हवं,” ते म्हणाले आणि पत्ता लिहून घेतला.

रविवारी ते खरंच आले. एकटे, खांद्याला साधी पिशवी. मेकअप नसल्यामुळे थोडे दमलेले वाटत होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. मी त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं, त्या वाक्यासकट. त्यावर ते फक्त “हं” म्हणाले होते.

निवेदकांनी पिशवीतून प्रकरण काढलं आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, ते वाक्य गिळतील. त्यांनी गिळलं नाही. बाकीच्याइतक्याच खणखणीत आवाजात तेही वाचलं. डॉक्टरांच्या वाक्याला बाबांचं पोट हलत होतं, ते इथे थांबलं.

“हे जमातीचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. सुचलं. कानाला बरं वाटलं म्हणून ठेवलं.”

“हं,” बाबा म्हणाले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि हातात टॉर्च देऊन सिंकखाली वाकायला लावलं.

“काय दिसतंय?”

“पाइप.”

“पाइपाच्या जोडावर बघा.”

“पांढरी टेप गुंडाळलीय. बरीच.”

“गरजेपेक्षा दुप्पट. एवढी कोण गुंडाळतो? ज्याला आतल्या आट्यांचा भरवसा नाही तो. म्हणजे आटे झिजलेत. मी नेहमीसारखा पाना लावून जोर केला तर जोड हातात येणार. आधी कोणी केलं ते कळलं की हात कुठे जपून लावायचा ते कळतं. प्रत्येकाची सवय वेगळी असते. म्हणून विचारायचं.” मग जरा थांबून म्हणाले, “नावंही ठेवतो. नाही असं नाही. पण ते वेगळं.”

निवेदक तसेच फरशीवर मांडी घालून बसले. बाबांना आता रंग चढला. एका शिक्षिकेच्या घरचा किस्सा त्यांनी सांगितला. मलाही तो नवीन होता.

“बेसिनखाली बघितलं आणि विचारलं, ही घाण कोणी करून ठेवलीय? बाईंनी वही उघडून बघितली आणि म्हणाल्या, तुम्हीच. सहा वर्षांपूर्वी.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हटलं, तेव्हा मी नवीन होतो.”

“होतात?”

“पंचवीस वर्षं झाली होती धंद्यात.”

निवेदक इतके हसले की टॉर्च सिंकखाली गडगडत गेला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “हे मी लिहू का?” बाबांनी मान डोलावली. मग माझी पेन्सिल मागून घेऊन निवेदकांनी ते जमातीचं वाक्य माझ्यासमोर खोडलं आणि विचारलं, “आणखी कुठे खटकलं तुम्हाला?”

मी धीर करून म्हटलं, “नवव्या प्रकरणात. ओल्या छत्र्यांबद्दल फारच कडक लिहिलंय.”

“ते नाही बदलणार,” ते शांतपणे म्हणाले. “तिथे माझंच बरोबर आहे.” मला तेही आवडलं.

पुस्तक आलं त्या सकाळी त्यांनी कार्यक्रमात सतरावं प्रकरण वाचलं. आदल्या दिवशी बाबांना फोन करून सांगितलं होतं, म्हणून बाबांनी लंबूकाकांना बोलावलं होतं. लंबूकाका म्हणजे बाबांचे धंद्यातले जोडीदार; उंचीमुळे कुठल्याच बेसिनखाली धड मावायचे नाहीत. ‘तेव्हा मी नवीन होतो’ ऐकून स्टुडिओतली माणसं हसली. मीही हसले. लंबूकाका हसले नाहीत.

“ते काम तू नव्हतं केलंस,” ते बाबांना म्हणाले. “तू तापाने पडला होतास. तुझ्या नावावर मी गेलो होतो.”

“माहीत आहे मला.”

“कधीपासून?”

“बाईंनी सांगितल्यावर टेप नीट बघितली तेव्हापासून. उलटी गुंडाळतोस तू.”

“मग बाईंना सांगितलं का नाहीस?”

“काय सांगायचं?” बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “गळत होतं ते थांबवलं. विषय संपला.”

मी न राहवून निवेदकांना फोन करून हे सांगितलं. पुढच्या रविवारी ते लंबूकाकांसाठी पुस्तकाची प्रत घेऊन घरी आले आणि दुपारभर दोघांचं ऐकत बसले. पिशवीतून वही काढली नाही. जाताना फक्त विचारलं, “काका, हे लिहिलं तर चालेल?”

लंबूकाका म्हणाले, “नको. बाई अजून आहेत. मला रस्त्यात भेटतात.”

“मग नाही लिहीत,” ते म्हणाले.

चार महिन्यांनी दुसरी आवृत्ती निघाली. प्रूफं माझ्याकडेच आली. मी आधी सतरावं प्रकरण उघडलं आणि शब्दन् शब्द ताडून पाहिला. त्यात एका अक्षराचीही भर नव्हती. लेखकांनी संपादकांना फक्त एवढंच कळवलं होतं, की पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर जिथे सगळ्यांची नावं छापतात, तिथे मुद्रितशोधकाचंही नाव हवं. आमच्या संस्थेत तोवर ते कुणाचंच छापलेलं नव्हतं. बाबांनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि माझं नाव बरोबर छापलंय का, ते पुन्हा एकदा बघायला मला सांगितलं.