पेटी कोणी आदळली

"पेटी सरळ धरली होतीस ना?" पाण्याची पिशवी उजेडाकडे धरत तिने विचारलं.

"म्हणजे काय, वहिनी. मांडीवर घेतली नाही एवढंच," धाकटा हसत म्हणाला.

तिला हसू आलं नाही. पिशवीतला एंजल मासा एका अंगावर कलंडला होता. उजव्या बाजूचे खवले खरवडून निघाले होते, शेपूट चिरलं होतं आणि डोळ्यावर पांढुरकी साय धरली होती. शोभेच्या समुद्री माशांच्या या दुकानात मागच्या खोलीत अकरा वर्षं ती एकच काम करत होती. विमानाने आलेला मासा बरा करायचा आणि मगच पुढे दुकानात द्यायचा. विमानतळावरून पेट्या आणायला आपला दीर तिनेच मालकाकडे शब्द टाकून लावला होता. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. तेव्हापासून सगळ्यांचा धाकटा तो धाकटाच.

"उशीर का झाला?"

"रस्ता खोदलाय."

तो गेल्यावर तिने पेटी उलटीपालटी करून पाहिली. एक कोपरा दबलेला होता. रस्ता खोदलाय म्हणे. फाटकावरच्या वॉचमनला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "गाडी समोरच्या टपरीपाशी उभी होती की थोडा वेळ." तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

हात मात्र काम करत होते. तिने दिवा घालवला, टाकीच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला. मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत काढला आणि नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून सलाइनसारख्या बारीक नळीने त्यात टाकीतलं पाणी थेंब थेंब सोडलं. मग ओला तळवा माशाखाली धरून अलगद त्याला औषधाच्या टाकीत सोडलं. या टाकीत वाळू नाही, दगड नाही, लपायला पाइपचा एक तुकडा तेवढा. मासा त्यात जाऊन बसला आणि नुसते कल्ले हलवत राहिला.

पुढचे तीन दिवस त्याने कशाला तोंड लावलं नाही. ती रोज थोडं पाणी बदलायची, औषध मोजून घालायची आणि धाकट्यावर नजर ठेवायची. तो कधी निघाला, कधी आला. गाडीचं बॉनेट गरम आहे का, हेही तिने एकदा हात लावून पाहिलं. तो शीळ घालत पेट्या उतरवायचा आणि तिला वाटायचं, कसा निर्धास्त आहे बघा.

चौथ्या दिवशी माशाने कोळंबीचा कीस टिपला. ती टाकीसमोर उकिडवी बसली होती, तेवढ्यात मालक आले.

"दातांचे डॉक्टर विचारतायत, दवाखान्यातल्या टाकीसाठी मागवलेला मासा कधी देणार म्हणून. असं कसं लागलं हो याला?"

"वाटेत पेटी आदळली असणार," ती म्हणाली. मग थांबवेना. "आमच्या धाकट्याचं लक्ष नसतं कामात. टपरीवर गाडी लावून बसतो."

मालक दाराकडे वळले. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल."

दुसऱ्या दिवशी धाकटा गाडीची किल्ली ठेवायला आला. मालकांनी त्याला कामावरून काढलं होतं.

"वहिनी, तू बोललीस?"

"जे दिसलं ते बोलले."

"मला विचारायचंस तरी." एवढंच म्हणून तो गेला.

तीन आठवड्यांत माशाची जखम भरली. डॉक्टर तो घेऊन गेले, आणि त्याच आठवड्यात दुसरा तसाच मासा येणार होता. नवीन ड्रायव्हरवर तरी काय भरवसा, म्हणून ती स्वतः विमानतळावर गेली. गोदामातून पेटी निघाल्यापासून ती तिने खाली ठेवली नाही. मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून दुकानात आणली आणि स्वतःच्या हाताने उघडली.

उजव्या बाजूचे खवले निघालेले. शेपूट चिरलेलं.

ती बराच वेळ पिशवी बघत राहिली. मासा वळायला गेला की नाक एकीकडे टेकायचं, शेपूट दुसरीकडे. वळता येईल एवढी पिशवी रुंदच नव्हती.

"पिशव्या लहानच देतात ते मासे पाठवणारे लोक," मालक मागून म्हणाले. "एका पेटीत जास्त मासे बसतात."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही इतकं ठामपणे बोललात. मला वाटलं, घरचं काही असेल."

तिने मासा औषधाच्या टाकीत सोडला, काळा कागद लावला, हात धुतले आणि अर्धी रजा टाकून निघाली.

धाकटा आता फर्निचरच्या एका गोदामात माल चढवत होता. त्याच्या चार सोबत्यांसमोरच ती म्हणाली, "पेटी तू आदळली नव्हतीस. मी उगाच तुझ्यावर आळ घेतला. चुकले मी."

सोबती इकडेतिकडे बघू लागले. धाकट्याने कपाळावरचा घाम बाहीला पुसला.

"ठीक आहे, वहिनी. उन्हात उभ्या राहू नका. तुम्ही जा घरी."

तो तिला कधी अहोजाहो करत नसे.

ती फाटकाशी थांबली. ट्रकमधून काचेच्या दारांचं कपाट उतरत होतं. धाकट्याने दुसऱ्या माणसाला हातानेच दमानं घ्यायला सांगितलं, पायाने घोंगडी सरकवली आणि आधी एक कोपरा, मग दुसरा असं ते कपाट खाली टेकवलं. काचेचा आवाजसुद्धा झाला नाही.