झीलकरी कुठं गेला?

मी हेडफोन बोलतोय. तोंडापुढं माईकचा दांडा असलेला, सायबर कॅफेतला काळा हेडफोन. हसताय काय? तुमच्या घरातला हेडफोन एकाच डोक्यावर जन्म काढतो. माझ्या वाट्याला अख्खं सातपूर आलं. तेल चोपडलेली डोकी, घामेजलेली डोकी, कोंड्याची डोकी. कुणी पुसायचं नाव काढत नव्हतं, आणि बसल्या बसल्या सगळ्यांचं एकच: "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" अहो, येतोय की! मी काय झोपलोय इथं?

कुठल्याशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून खोक्यात बसून नाशकात आलो आणि ज्योत्स्नाताईंनी मला विकत घेतलं. सातपूरच्या कारखान्यांजवळ, अशोकनगरात त्यांचा छोटासा कॅफे होता. बाई तोंडाची फटकळ, पण मनानं मऊ. गिऱ्हाइकानं मला टेबलावर आदळलं की आतून ओरडायच्या, "अहो, हळू! तुमच्या सासरहून आणलाय का तो?" तेवढ्यानं माझा राग पळायचा.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात गोरक्ष आला. दिंडोरीकडच्या खेड्यातला गडी, इथल्या एका प्रेस शॉपमध्ये कामाला. पत्रा दाबून सुटे भाग काढायचे, दिवसभर धाडधाड. पहिली पाळी करून आला आणि दारातच लाजत म्हणाला, "ताई, ते गाण्याचं मंडळ असतं म्हणे कॉम्प्युटरवर. तेवढं लावून द्या ना."

खरंच होतं ते. रविवारी संध्याकाळी लोकगीतांच्या वेडाची माणसं एका व्हॉइस चॅट रूमवर जमायची. अबूधाबीतला रवी ती रूम चालवायचा. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं, कुणी पार अमेरिकेतलं. जागरण, गोंधळ, भारुड, ज्याला जे येईल ते त्यानं म्हणायचं. सिन्नरच्या लतामावशी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वडिलांची जागरणातली पदं म्हणायच्या. वडील त्या भागातले नावाजलेले वाघ्या होते.

गोरक्ष स्वतः कधी गायला नाही. चुलत्याच्या जागरण पार्टीत तो लहानपणापासून मागं उभा राहून झील द्यायचा. पुढच्यानं ओळ सोडली की मागच्यानं ती उचलून धरायची, ती झील. इथंही त्यानं तेच धरलं. कुणी कितीही बेसूर गावो, गोरक्ष झील अशी द्यायचा की गाणाऱ्याला वाटावं, आपण भारी गातो ब्वा! मग कोण नाही जीव लावणार? नाव कुणाला ठाऊक नव्हतं, सगळे त्याला झीलकरीच म्हणायचे.

एक अडचण होती. नेटवरून आवाज पोचायला अंमळ उशीर व्हायचा. पण माणसं मोठी गोड असतात हो! गाणारेच शिकले. ओळ संपली की थांबायचं, झीलकऱ्याची झील आली की पुढं जायचं.

आता जे सांगतो ते तेव्हा फक्त मला कळत होतं. आवाज कमी-जास्त करायचं चाक माझ्या वायरीवर असतं. पहिल्या वर्षी गोरक्ष ते अर्ध्यावर ठेवायचा. मग पाऊण. मग पुरतं, आणि वर दोन्ही तळव्यांनी मला कानांवर घट्ट दाबून धरायचा. झील आणखी उशिरा यायला लागली. "नेट खराब आहे," रूमवरचे म्हणायचे. "नेट लय खराब हाय," हाही म्हणायचा. अरे नेटवाल्या, नेट ठीक आहे रे! तुझे कान चाललेत! पण मी पडलो हेडफोन. माझ्यासमोर माईक आहे, त्यात घालायला स्वतःचा आवाज नाही.

आणि कान जाऊन हा माणूस सोमवारी पुन्हा त्या प्रेसपुढं उभा राहणार होता. तिथं कुणी "थांब" म्हणून ओरडलं तर? या विचारानं मी हुकावर लटकल्या लटकल्या अर्धा व्हायचो.

एका रविवारी लतामावशींच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. मावशींनी वडिलांचं शेवटचं पद घेतलं आणि मधेच थांबून त्या रडायला लागल्या. "अण्णा हे म्हणताना..." एवढंच त्या बोलल्या. गोरक्षला वाटलं ओळ संपली. त्यानं पोटातून झील ठोकली! रूमवर कुणीतरी फिस्सकन हसलं. पडद्यावर एकानं लिहिलं, "अरे बाबा, बाई रडतायत. गप की जरा!"

गोरक्षनं ते वाचलं. मला डोक्यावरून काढलं, टेबलावर अलगद ठेवलं आणि निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

शेवटी ज्योत्स्नाताईंनीच मला डोक्यावर घेतलं. "मी कॅफेतून बोलतेय. तुमचा झीलकरी इथंच बसायचा." झालं! सगळे एकदम तुटून पडले. कुठं आहे? बरा आहे ना? आमच्यावर रागावला का? ज्यानं ते वाक्य लिहिलं होतं तो तर रडकुंडीला आलेला. रवी म्हणाला, "मावशी, तुम्ही गा. तो आसपास असला तर येईल." मावशींनी ओळ म्हटली आणि सवयीनं थांबल्या. कुणी उचलली नाही. पुन्हा म्हटली, पुन्हा थांबल्या. तिसऱ्यांदा त्यांच्यानं गाववेना.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवर दोन कामगार बोलायला लागले. "प्रेसमधी एकजण सापडला म्हणं. समदे बोंबलले, पण गड्याला ऐकूच गेलं नाय."

माझं तर काळीजच हललं. मला काळीज नाही म्हणता? त्या दिवशी होतं. ताईंनी मला एका कानावरून सरकवलं. "कोण सापडला? नाव काय त्याचं?"

"नाव नाय माहीत ताई. दिंडोरीकडचा हाय एवढं ऐकलं."

ताईंनी मला तसंच टेबलावर टाकलं, गिऱ्हाइकांना बाहेर काढलं आणि शटर ओढलं. रूम चालूच राहिली. मी अंधारात पडून ऐकत होतो. अबूधाबीपासून सिन्नरपर्यंत माणसं विचारत होती, "ताई, आहात का? अहो, काही बोला ना!" मी काय बोलणार! मीही शटरकडेच कान लावून होतो. एक-एक करून सगळे थकून गेले आणि रूम रिकामी झाली.

बातमी मला दुसऱ्या दिवशी कळली, ताई रवीला सांगत होत्या तेव्हा. गोरक्षच होता तो. शेजारच्या मशीनवरच्या बुधानं कॉलरला धरून मागं खेचला म्हणून हात वाचला. कोपरापासून मनगटापर्यंत टाके पडले होते. "आणि शहाण्यानं कंपनीत काय सांगितलं, माहितीये? डोळा लागला म्हणून सांगितलं! मी फाडफाड बोलले त्याला. तर मला म्हणतो, कान गेले सांगितलं तर उद्या कामावर कोण ठेवंल?"

ताई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याला ओढतच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. रोजच्या आवाजानं कानाची नस गेलेली, ती परत यायची नाही. मग बुधाला साक्षीला घेऊन गोरक्षला साहेबापुढं उभं केलं आणि खरं काय ते बोलायला लावलं. नोकरी राहिली. प्रेस सुटलं, पॅकिंगला लावलं. पण रूमवर यायचं नाव काढलं की तो मान खाली घालायचा.

आज मी ताईंच्या खणात पडून आहे. माझा दांडा मोडलाय, त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टीही सुटत आलीय. मला फेकू नका एवढंच मागणं ताईंनी न सांगता ऐकलंय. तुमच्याकडे दुसरं एक मागतो. घरातलं कुणी टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं, हाक मारल्यावर "हं?" म्हणायला लागलं, तर चिडू नका. जवळ जा आणि विचारा. मला विचारता येत नव्हतं, तुम्हाला येतं.

दांडा कसा मोडला तेवढं सांगतो, मग तुम्ही मोकळे.

एका रविवारी गोरक्ष आला. हाताला पट्टी. "ताई, एकदाच लावून द्या. सांगतो आन उठतो." मी त्याच्या डोक्यावर बसलो. त्यानं चाक पुरतं फिरवलं आणि मोठ्यानं बोलायला लागला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

"मी झीलकरी. मला ऐकू येत नाय आता. मावशी, तुमच्या अण्णांचं पद मी नासवलं. नेट चांगलं होतं. माझी वाट पाहू नका."

काय गलका उठला तिकडं! सगळे एकदम बोलत होते, कुणी रडत होतं. मी जीव तोडून त्याच्या कानात ओतत होतो, पण त्याच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मग त्याला वाटलं, तिकडे सगळे गप्पच आहेत. "बराय," म्हणाला आणि मला काढायला हात वर नेला.

पण मी पुरत्या आवाजात होतो. शेजारी उभ्या ताईंना लतामावशी स्पष्ट ऐकू आल्या, "अगं ज्योत्स्ना, त्याला उठू देऊ नकोस!"

ताईंनी त्याचा खांदा दाबून खाली बसवलं. माझा एक कान ओढून स्वतःच्या कानाला लावला, दांडा पिरगाळून त्याच्या तोंडापुढं धरला आणि दुसरा हात वर केला. मावशींनी ओळ म्हटली, थांबल्या. ताईंचा हात खाली आला.

गोरक्ष त्या हाताकडे बघतच राहिला. मावशी थांबलेल्याच होत्या. रवी थांबला होता. सगळी रूम श्वास धरून थांबली होती. देणार का हा? ताईंनी पुन्हा हात वर केला, पुन्हा खाली आणला आणि डोळे वटारले. तेव्हा त्यानं झील दिली. आवाज फाटला, पण दिली! दोन डोक्यांच्या ओढाताणीत माझा दांडा कडाडला, तो तेव्हाच. आतली तार शाबूत होती, ताईंनी तुटका तुकडा तसाच चिमटीत धरून ठेवला. अख्खं पद झालं, एकही झील चुकली नाही.

पद संपलं. तिकडून मावशी काहीतरी बोलल्या. ताई डोळे पुसायला लागल्या, तसा गोरक्ष घाबरला. "काय म्हणल्या? रागावल्या का?"

ताई त्याच्या कानाशी वाकून ओरडल्या, "बसून राहा म्हणाल्या! दुसरं पद घेतायत!"